सुनेच्या मुलाखतीला मी

माझ्या सुनेचा नवरा माझा मुलगाच आहे, हे कॅनडा सरकारला पटायला दोन वर्षांहून जास्त काळ लागला. त्यातला निम्मा उशीर सरकारचा, निम्मा माझा.

लग्न झालं आणि पंधरवड्यात मुलगा गिरीश कॅनडाला नोकरीवर परत गेला. सून मृणाल साताऱ्याची. व्हिसा येईपर्यंत ती म्हैसूरला, अग्रहारातल्या आमच्या घरी राहिली. तिची वैद्यकीय तपासणी झाली तेव्हा पोलिसांचा दाखला नव्हता. नजरबादच्या पोलीस कचेरीत खेपा घालून दाखला मिळवला, तोवर तपासणीची मुदत संपली. अर्जाचं काय झालं विचारलं की एकच उत्तर, ‘विचाराधीन’. आमच्या शिंपीकामाच्या दुकानात बसून पोरगी काजं-बटणं करायची. गिऱ्हाइकांशी बोलून कन्नड शिकली. गिरीशचा फोन ठेवला की मोरीत नळ सोडून रडायची. आम्ही नवरा-बायको काही ऐकू येत नसल्यासारखं बसायचो.

शेवटी फोनवर मुलाखत ठरली. लग्न खरं आहे का ते त्यांना तपासायचं होतं. मृणाल घाबरली, म्हणून मी शेजारी बसलो. (बसा असं कुणी म्हणालं नव्हतं.)

पलीकडच्या बाईंनी विचारलं, “नवरा सकाळी उठल्यावर आधी काय करतो?”

मृणालनं माझ्याकडं पाहिलं. एवढ्याशा संसारात तिला काय ठाऊक असणार? मी कुजबुजलो, “काफी.”

“कॉफी पितात.”

“कुठली भाजी खात नाहीत?”

“बदनेकायी,” मी म्हणालो. घाईत वांग्याचं कन्नडच तोंडात आलं, तेही मोठ्यानं.

“शेजारी कोण आहे?”

“मामंजी,” म्हणून मृणालनं डोळे मिटले.

मग दोघांचे एकत्र फोटो मागितले गेले. मी तत्परतेनं पाठवले. बन्नीमंटपात दसऱ्याच्या मशाली बघताना ती आणि मी. देवळात ती आणि मी. हिच्या डोळ्याच्या ऑपरेशनला ती आणि मी.

गिरीशचा फोन आला. “अप्पा, ह्यांत मी कुठं हाय?”

“तू इथं नव्हतास की रे.”

“मग तिचं लग्न कुणाशी झालंय म्हणतील ते?”

शेवटी तोच बिनपगारी रजा घेऊन आला, बायकोबरोबर जागोजागी फोटो काढून घेतले आणि गेला. पुढच्या पावसाळ्यात व्हिसा आला, मृणाल गेली. गिऱ्हाइकं “सोसे एल्ली?” म्हणून सून कुठं ते विचारत. मी मान खाली घालून मशीन मारत राही.

राहवेना, म्हणून मी एकट्यानंच पाहुणा म्हणून जायचा अर्ज केला; हिला विमानाची भीती. अर्ज फेटाळला गेला. कारण लिहिलं होतं, ‘अर्जदाराला परत यावंसं वाटेल असं मायदेशी कुणी दिसत नाही.’

हिनं शेजारच्या पोरीकडून ते दोनदा वाचून घेतलं. “वो, मी हाय ते लिवलं नाय तुम्ही?”

नव्हतं लिहिलं. माहिती कमी दिली की अर्ज लवकर सुटतो, असं मला वाटलं होतं.

त्या दिवसापासून ही माझ्याशी बोलत नाही. माफीचा माझा अर्ज घरातच विचाराधीन आहे, आणि किती दिवस लागतील ते विचारायची माझी छाती नाही.