ईडलिंबाची साल

“ताजी की वाळलेली? एक काय ते सांगा, कुसुमबाई. चिठ्ठीवर लिहून द्या, म्हणजे मी मोकळा.”

नाना लोणावळ्याच्या बाजारातल्या आमच्या औषधांच्या दुकानाचे मालक. मी त्यांची केमिस्ट. नोकरीला चार महिने झाले होते आणि अजून मी कायम झाले नव्हते. आमच्या दोघांच्या मध्ये टेबलावर एक ईडलिंबू होतं, तुंगार्लीच्या एका बंगल्यातून आलेलं. मोठं, जाड सालीचं आणि जरा नख लावलं तरी घमघमणारं.

लढाईचे दिवस होते. विलायतेहून जिनच्या बाटल्या यायच्या बंद झाल्या होत्या. साहेबांच्या क्लबचा सेक्रेटरी, एक रिटायर्ड कॅप्टन, नानांकडे आला. तुमच्याकडे औषधांसाठी स्पिरिट आहे, केमिस्ट आहे, जिन करून द्या, परमिटचं मी बघतो, असं म्हणाला. आधी सहा बाटल्या ट्रायल. पसंत पडल्या तर लढाई संपेपर्यंत ऑर्डर.

नानांना ही ऑर्डर हवीच होती. गॅसची नळकांडी मिळेनात म्हणून आमचं सोडावॉटरचं मशीन बंद पडलं होतं. ते उघडच म्हणाले, “हे जमलं नाही, तर एक माणूस कमी करावं लागेल.” दुकानात नाना सोडून माणसं दोनच. मी, आणि बाटल्या धुणारी सखूमावशी. मावशी अकरा वर्षं तिथे होती. कमी होणार ती मीच, हे न सांगता कळत होतं.

जिन म्हणजे फार काही अवघड वस्तू नाही. स्वच्छ स्पिरिट, पाणी आणि वास. वास मुख्यतः ज्युनिपरचा. हे थंड मुलखातलं काळपट निळं फळ. मुंबईच्या काष्ठौषधींच्या दुकानात ते हाऊबेर म्हणून मिळतं आणि वाळलेलंच मिळतं. दुसरे धने, तेही वाळलेलेच. हे दोन्ही स्पिरिटमध्ये भिजत घालायचं, शेवटच्या दिवशी लिंबाची साल टाकायची आणि गाळायचं. ताजं की वाळलेलं हा प्रश्न फक्त सालीपुरता होता.

ताज्या सालीत तेल जास्त, म्हणून वास टवटवीत. पण तिच्यात पाणी असतं, आणि आतला पांढरा भाग राहिला तर जिन कडू होते. वाळलेली साल मोजायला सोपी आणि टिकाऊ, तिचा वास दर खेपेला सारखा. माझ्या कॉलेजच्या पुस्तकात वाळलेली साल वापरावी असं स्पष्ट लिहिलं होतं. पुस्तक इंग्लंडमध्ये छापलेलं होतं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली मुलगी. छापील इंग्रजीशी वाद घालायचा असतो हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

मावशी दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, “ताजीच घाला की, नाना. तुंगार्लीला झाडं वाकल्यात नुसती. मी बेस पातळ सोलून देते, पांढरं यायचं न्हाई.”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी चिठ्ठी लिहिली. फक्त वाळलेली साल. खाली सही केली.

मग मावशीला सांगितलं, “साली वाळवून आणा. शुक्रवारपर्यंत हव्यात.”

“व्हय ताई, पर ऊन कुटं हाय? पंधरा दिस झालं, सूर्य दिसला न्हाई.”

श्रावण चालू होता. खिडकीबाहेर बाजारातलं समोरचं दुकानसुद्धा धुक्यात दिसत नव्हतं. मी म्हटलं, “कशाही वाळवा.”

“चुलीवर बांबूचा तट्ट्या टांगलाय आमच्या. मिरच्या, मासळी, समदं त्याच्यावरच वाळतंय. पर धुराचा वास लागंल हं, ताई.”

ती नीट, सावकाश बोलली होती. मला ते ऐकू आलं होतं. पण शनिवारी कॅप्टन येणार होता, आणि पुस्तकात चुलीबद्दल काही नव्हतं. मी “चालेल” म्हटलं.

शुक्रवारी तिने फडक्यात बांधून साली आणल्या. कडकडीत वाळलेल्या, कागदासारख्या पातळ. पांढऱ्याचा मागमूस नाही. मी त्या स्पिरिटमध्ये टाकल्या, दुसऱ्या दिवशी गाळलं, पाणी घातलं, बाटल्या भरल्या.

आता चाखायचं कोणी? नाना दारूला शिवत नसत. मी चाखावी असा विचारही कोणाच्या मनात आला नाही. मावशी म्हणाली, “द्या मला घोटभर. मी सांगते कशी झालीया ती.”

“तुम्हाला दिली तर बाटल्या कोण धुणार?” नाना म्हणाले, आणि आम्ही तिघंही हसलो.

मी कागदाची पट्टी बुडवून वास घेतला. ज्युनिपर आला, धने आले, लिंबूही आलं. धूर मला जाणवला नाही. त्याचं कारण साधं होतं. पावसाळ्यात माझ्या साड्या शेगडीवर वाळायच्या. नानांची धोतरं, दुकानातले टॉवेल, माझे केस, सगळ्यालाच तो वास होता. तो आम्हाला वास म्हणून कळेनासा झाला होता.

कॅप्टन मोटारीतून आला. त्याने ग्लासात थोडी जिन घेतली, थोडं पाणी घातलं, एक घोट घेतला आणि खिशातला रुमाल काढून तोंडाला लावला.

“यात काय मासे भाजलेत?” त्याने इंग्रजीत विचारलं.

नानांना इंग्रजी जेमतेम यायचं. कॅप्टनशी बोलायचं काम माझ्याकडे होतं. मी नानांना मराठीत सांगितलं. नानांचा चेहरा उतरला. त्यांनी मावशीला हाक मारली.

“मावशी, साली कुठे वाळवल्या?”

“चुलीवर, नाना,” ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली.

पुढचं वाक्य माझं होतं. तिने मला विचारलं होतं, मी चालेल म्हटलं होतं. मराठीत ते जेमतेम सात-आठ शब्दांचं वाक्य झालं असतं. मी उघड्या बाटलीला बूच लावत बसले. लहानपणापासून मी लाजाळू आहे असं घरचे म्हणत आले आहेत, आणि मीही ते कौतुकाने मिरवत आले आहे. त्या दिवशी मी लाजत नव्हते. मी हिशेबाने गप्प होते.

 मावशी जमिनीकडे बघायला लागली.

“साहेबांना सांगा,” नाना मला म्हणाले, “की चूक करणाऱ्या बाईला आजच काढलं. पुढच्या आठवड्यात दुसरा माल देतो.”

मी सांगितलं. एकही शब्द न गाळता, न अडखळता. माझं इंग्रजी फार चांगलं आहे. कॅप्टनने मान हलवली. कोणाला काढावं असं त्याला वाटत नव्हतं. त्याला फक्त जिन हवी होती. “ताजी साल घालून बघा,” एवढंच तो म्हणाला आणि निघून गेला. मावशीला इंग्रजी कळत नव्हतं, पण नानांचं मराठी तिने माझ्या इंग्रजीआधीच ऐकलं होतं. तिने हातातली बाटली धुऊन पालथी घातली, पदराला हात पुसले आणि इरलं घेतलं.

“येते, नाना.” 

दुसऱ्या खेपेला साली मी सोलल्या. विळीवर बसून, ताज्या ईडलिंबाच्या. बोट दोनदा कापलं. कितीही जपलं तरी प्रत्येक सालीला पांढरं येत होतं. तसंच भिजत घातलं.

कॅप्टनने घोट घेतला. “जरा कडू आहे,” तो म्हणाला, “पण जिन कडू असलेली बरी.” ऑर्डर पक्की झाली. महिनाअखेरीस मी कायम झाले. धुराच्या सहा बाटल्यांचं काय झालं, तेही सांगते. क्लबात गोऱ्या सोल्जरांची पार्टी होती, तिथे कॅप्टनने त्या नेऊन सरबतात मिसळून दिल्या. एकाही बाटलीची तक्रार आली नाही.

दिवाळीच्या आधी बाजारात मावशी दिसली. रस्त्याकडेला पोत्यावर ईडलिंबं मांडून बसली होती. मी दुसऱ्या बाजूने जाणार होते, पण तिनेच हाक मारली.

“ताई, ताज्या सालीची केली म्हनं?”

“हो.”

“मी पयल्याच दिशी म्हनलं व्हतं.”

“हो, मावशी.”

“कडू झाली आसंल. तुमास्नी सोलाया यायचं न्हाई.” तिने एक फळ उचललं, कोयत्याने बोटभर लांब पापुद्रा काढून माझ्या हातावर ठेवला. त्यातून पलीकडचं दिसलं असतं, इतका पातळ. “हे आसं. बघा आन् शिका.” मग ती पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलू लागली.

तेव्हापासून दुकानात पावसाळ्यात ताजी साल आणि उन्हाळ्यात वाळलेली, असा नियम आहे. तो मीच लिहून भिंतीवर लावला आहे. नाना आल्यागेल्याला तो दाखवतात आणि आमच्या बाई फार शिकलेल्या आहेत म्हणतात. माझी पहिली चिठ्ठी, सहीसकट, अजून फाइलमध्ये आहे. ती कोणी काढून पाहिली नाही, आणि मीही कोणाला दाखवली नाही. साली मी अजून स्वतःच सोलते. जिन अजून कडूच होते.