मोदक वळायला खुर्ची मागितली, तर...

मंडळी, आज माझं डोकं फिरलंय.

जयपूरच्या आमच्या मराठी मंडळात सकाळी गणपतीचे मोदक वळायला गेले. सहा वर्षं पाठ दुखतेय, म्हणून खुर्ची मागितली. अध्यक्ष काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "एमआरआय नॉर्मल आलाय ना तुझा? मतलब मनाचे खेळ आहेत. बस खाली!"

अहो, डॉक्टरांनी मला नीट समजावलंय. दुखणं वर्षानुवर्षं राहिलं की मेंदूतही बदल होतात. साध्या वाकण्यालाही तो धोका समजायला लागतो. मणका ठीक दिसला तरी कळ खरीच असते.

खाली बसले. एकवीस मोदक वळले. शेवटी दोघींनी धरून उठवलं.

हॉलमध्ये एकच खुर्ची होती. तिच्यावर सकाळपासून काकूंची पर्स ठेवलेली.

आता तुम्हीच सांगा, त्या पर्सला कुठे दुखत होतं?