रामोनाचे पाच भाऊ

मस्कतच्या विमानतळाबाहेर हसनचाचा माझी वाट बघत उभे होते. कोकणात खाडीकाठच्या आमच्या गावी त्यांचं घर आमच्या शेजारीच. तरुणपणी ते इकडे आले, इथल्या हमरिया भागात किराणा दुकान चालवलं, आणि आता मुलगा साजिदकडे माबेल्याच्या वस्तीत राहतात. मला बघताच म्हणाले, "पोट सुटलं रे तुजा! यल्ला, बस गाडीत."

दार उघडलं सून मिर्ताने. ती दक्षिण अमेरिकेतल्या पराग्वेची. इथल्या एका हॉटेलात हार्प (उभं, मोठं तंतुवाद्य) वाजवायला आली आणि तिथेच हिशेब बघणाऱ्या साजिदच्या प्रेमात पडली. सासऱ्यांकडून शिकलेल्या कोकणीत हिंदी मिसळून बोलते. कडेवर तीन महिन्यांची नूरा. नूराचा अकीका (बाळाचं जावळ काढतात तो विधी) मिर्ताची आई येईल म्हणून लांबवला होता. पण आईचे गुडघे एवढ्या प्रवासाला तयार होईनात.

"परवा उरकून टाकू," साजिद म्हणाला. मिर्ता नूराला घेऊन आत निघून गेली.

तिचं मन रमावं म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही निझव्याच्या पुढच्या डोंगरांत गेलो. वाटेत नुसते तपकिरी कडे, गवताची काडी नाही. मग एका वळणावर अचानक खजुरीची गर्द हिरवाई आणि उतारावर मातीची घरं. घरांमधून फलज (पाण्याचा पाट) खळखळत होता. आमच्या पोफळीच्या बागेतही असेच पाट आहेत, त्यामुळे परक्या मुलखात आल्यासारखं वाटेना. सावलीत चटई टाकली, तर एका ओमानी आजोबांनी न विचारताच कहवा (वेलदोडा घातलेली बिनदुधाची कॉफी) आणि खजूर आणून ठेवले. त्यांचे आभार मानेपर्यंत एका बकरीने आमची रोट्यांची पिशवी पळवली. साजिद मागे धावला आणि हात हलवत परत आला. आजोबा पोट धरधरून हसले आणि घरातून ताज्या रोट्या घेऊन आले.

जेवण झाल्यावर मिर्ता पाटात पाय सोडून बसली. "माझ्या आजीची आजी, रामोना. तिला पाच भाऊ. लढाईत गेले, एक पण परत नाय आला."

दीडशे वर्षांपूर्वी पराग्वेची ब्राझील, अर्जेंटिना आणि उरुग्वेशी लढाई झाली. देशातले पुरुष इतके मेले की गावंच्या गावं बायकांनीच पुन्हा उभी केली. मिर्ताच्या घरात तेव्हापासून मुलीच. तिला भाऊ नाही, तिच्या आईलाही नव्हता.

"आणि ती लढाई झालीच नसती तर?" चाचांनी विचारलं.

मिर्ताचा चेहरा उजळला. हे चित्र तिने लहानपणापासून मनात रंगवलं होतं. थोरल्याने गुरं राखली असती, मधल्याने नदीवर होडी चालवली असती, धाकट्याने हार्प बनवली असती. पाचांची लग्नं, संत्र्याच्या बागेत पोरांचा गलका. "नूरासाठी विमान भरून माणसं आली असती, अब्बा! घर पुरलं नसतं."

"गच्चीवर झोपवू. बिर्याणीच्या दोन डेगी."

"तीन! जेवतात खूप."

आम्ही सगळेच हसलो. मग तिचा आवाज उतरला. "पण भाऊ असते तर रामोना एकटी पडली नसती. फेरीवाल्या इटालियनशी लग्न केलं नसतं. मग मी नाय, नूरा नाय. मला तर दोन्ही पायजे."

तिचे डोळे भरून आले. चाचांनी नूराला उचलून छातीशी धरलं. "पाच काय मिळायचे नाय, बेटी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आपल्या गावात जावळ कुणाच्या मांडीवर काढतात रे?"

"मामाच्या," मी सहज बोलून गेलो. मिर्ता माझ्याकडे एकटक बघत होती.

"तुमी बसाल?"

मला सख्खी बहीण नाही. "बसेन की," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुवीच्या बाजारात जाऊन झबलं आणि चांदीचे वाळे घेतले. दुपारी नूराला मांडीवर घेऊन बसलो. वस्तरा फिरला तेव्हा ती रडली नाही, माझी विजार मात्र भिजवली. मोबाइलवरून तिची आजी मला मोठमोठ्याने काहीतरी सुनावत होती.

"आई म्हणते, मान नीट धर," मिर्ता हसून म्हणाली. "ती फक्त घरच्यांनाच ओरडते."

परतीच्या विमानात ती लढाई मनातून पुसून पाहिली. पाची भाऊ धडधाकट घरी आले. मग नूराचं तुळतुळीत डोकं डोळ्यांपुढे आलं, आणि पुढचं चित्र रंगवायचं मी सोडून दिलं.

गावी पोचलो तेव्हा तिठ्यावर कुणीतरी विचारलं, "मस्कतात कुणाकडे उतरला होतास?"

"बहिणीकडे," मी म्हणालो.