मोंबाशाला कोणत्या नावानं जायचं?

आपल्याच नवऱ्याकडं जायला सरकारची परवानगी काढावी लागते, हे मला लग्न होईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. हे आफ्रिकेत मोंबाशाला रेल्वेच्या कारखान्यात फिटर. लग्नासाठी आले, महिना-दीड महिना राहिले आणि परत बोटीत बसले. मी मागं राहिले बारामतीजवळच्या सासरी, कालव्याच्या पाण्यावर वाढणारा ऊस खुरपत आणि म्हशींचं शेण काढत. एकोणीसशे तीसनंतरच्या, गुळाचा भाव बसलेल्या वर्षांतली ही गोष्ट.

तिकडं राहायला खोली मिळाल्यावर यांनी मला बोलावणं पाठवलं. तिथल्या साहेबाच्या सहीशिक्क्याचा कागद आला : ही माझी बायको, हिला माझ्याकडं येऊ द्यावं. आता इकडून पासपोर्ट तेवढा काढायचा होता. मी मनात ट्रंकसुद्धा भरून ठेवली होती.

घोड्यानं पेंड खाल्ली ती नावापाशी. लग्नात आमच्याकडं मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो. माझं नवं नाव मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, निवडलं होतं. त्यांच्या वारलेल्या आईचं. यांनी ते मुकाट्यानं तांदळात लिहिलं, आणि पहिल्याच आठवड्यात मला हळूच विचारलं, "तुला घरी काय म्हणत्यात?" मी सांगितलं. मग ते एकटे असताना मला त्याच नावानं हाक मारायचे. मोंबाशाच्या कागदावरही त्यांनी तेच लिहिलं. आपल्या बायकोचं नाव काय, असं साहेबानं विचारल्यावर त्यांच्या तोंडी माझं खरं नाव आलं, याचा मला इतका आनंद झाला की पुढं काय वाढून ठेवलंय ते ध्यानातच आलं नाही.

पासपोर्टाच्या चौकशीत सासरच्या गावात पंचांनी माझं सासरचं नाव सांगितलं. मोंबाशाच्या कागदावर माहेरचं. म्हणजे माणूस एक आणि बायका दोन! माझं माहेर निमगावच्या बाजूला, म्हणून चौकशी इंदापूरच्या कचेरीत गेली, आणि तिथला कारकून मला बघून हसत म्हणाला, "बाई, तुम्ही पहिल्या का दुसऱ्या?" माझ्या पायाची आग मस्तकाला गेली. मी म्हणाले, "मी एकलीच हाय. दुसरी सापडली तर मलाबी दावा."

पाटलाच्या दप्तरात माझा जन्म होता, पण नाव नव्हतं. नुसतं 'मुलगी' लिहिलेलं. मुलींची नावं लिहायची कुणाला गरज वाटत नसे. कारकून म्हणाला, हे नाव तुमचंच, असं सांगणारा कुणी शेतसारा भरणारा पुरुष आणा. माझे वडील केव्हाच वारले होते. मी माहेरी गेले आणि आत्याला घेऊन आले. आत्या विधवा, स्वतःचा वांग्या-मिरच्यांचा मळा करणारी, आणि तोंडानं फटकळ. कारकून तिला दारातच अडवायला लागला, तशी ती त्याच्या बाजूनं सरळ आत गेली आणि मामलेदारांच्या टेबलासमोर उभी राहिली.

"सायेब, बारशाला पाळण्यापाशी बाप्ये नसत्यात. नाव ठिवायचा मान आत्याचा. हिच्या कानात कुर्र मी केलंया. आता सारा भरणारा गडी कुठनं आणू? तुमचं नाव कुणी ठिवलं, त्ये तरी ठावं हाय का तुमास्नी?"

मामलेदारांनी चष्मा काढला आणि ते चक्क हसले. "आमच्याही आत्यानंच ठेवलं," म्हणाले. "घ्या हो बाईंची साक्ष." कारकुनानं तोंड वाकडं करून ती घेतली, आणि आत्यानं अंगठा असा दाबला की शाई टेबलाला लागली.

पण अजून मामंजी होते. नवऱ्याच्या बापाचा जबाब हवाच होता. ते कोपऱ्यात पटका सावरत बसले होते. मला पाठवायचं नाही, हे घरात त्यांनी एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. आज बोलले.

"या नावाची बाई तुमच्या घरात आहे?" मामलेदारांनी विचारलं.

"न्हाय."

मी डोक्यावरचा पदर धरूनच पुढं झाले. सासऱ्यासमोर मी तोवर मोठ्यानं बोललेही नव्हते. "मामंजी, मग मी कोन हाय?"

"त्या नावाची कुणी न्हाय."

"नावाचं ऱ्हाऊ द्या. मी कोन हाय त्ये सांगा. तुमच्या घरात राबती, तुमच्या म्हशीचं शेण काडती, ती कोन?"

त्यांचा आवाज चढला. "माझी सून हाईस तू! माझ्या लेकाची लग्नाची बायकू! भर कचेरीत अब्रू काढती व्हय माझी?"

"झालं," मामलेदार कारकुनाला म्हणाले. "एवढंच लिहा."

मामंजींना काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला. मग ते उठून बाहेर गेले. कारकुनानं विचारलं, दोन्ही नावं लिहितो, आधी कुठलं घालू? मी म्हणाले, आधीचं आधी. आणि मराठी चौथी शिकले होते, तेवढ्या अक्षरात खाली त्याच नावाची सही केली.

बाहेर आलो तर मामंजी मोटारतळावर उन्हात उभे होते. मला वाटलं, आता शिव्या देणार. पण ते आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "पोरी, तू हितं हाईस म्हणून त्यो यायचा तरी. तू गेलीस की त्यो कशाला येतोय परत?"

कचेरीत माझं नाव त्यांनी का नाकारलं, ते मला त्या वेळी समजलं. जीव कळवळला माझा. तरी मी म्हणाले, "मामंजी, त्यांनी यावं म्हणून मी दावणीला बांधून घेणार न्हाय. तुमी बोलवा त्यास्नी. बाप हाय तुमी."

बारामतीपर्यंत मोटारीत ते खिडकीबाहेर बघत बसले. मी निघाले त्या दिवशी ते मळ्यातून घरी आले नाहीत.

त्यांचं म्हणणं खरं झालं. मामंजी असेपर्यंत आमचं येणं झालं नाही. आधी रजा नाही, मग मुलं लहान, मग लढाईमुळं बोटी बंद. ते गेल्याची तार आली तेव्हा हे ओट्यावर बसून लहान मुलासारखे रडले, आणि मीही रडले. गावाकडं अजून म्हणतात, हिनं पोरगं बापापासून तोडलं. म्हणू देत. परत यायला यांच्यापाशीही पासपोर्ट होता. तो काढायला यांच्याकडं कुणी आत्याची साक्ष मागितली नव्हती.