बर्नरवर शेकलेली हलगी

आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या प्राचार्यांना थोर शास्त्रज्ञांच्या संगीतप्रेमाचं फार कौतुक. फक्त शास्त्रज्ञ परदेशी हवा आणि त्याच्या हातात व्हायोलिन हवं. यंदाच्या विज्ञान दिनाला ‘शास्त्रज्ञ आणि संगीत’ हा विषय त्यांनीच ठरवला आणि भाषण माझ्या गळ्यात मारलं, कारण मी फिजिक्स शिकवतो.

याच प्राचार्यांनी गणपतीनंतर मला केबिनमध्ये बोलावून झापलं होतं. मिरवणुकीत लेझमाच्या पुढं मी हलगी वाजवत होतो आणि ते आमच्या कॉलेजच्या पोरांनी पाहिलं होतं.

“सर, वरातीतलं वाद्य गळ्यात घालून रस्त्यावर? पालक बघत्यात की!”

“शास्त्रज्ञही वाजवायचे, सर.”

“त्यांनी आधी नाव कमावलं, मग वाजवलं.”

म्हणजे शास्त्रज्ञांना व्हायोलिन बहुतेक पेन्शनबरोबर मिळालं असावं.

माझे वडील वरातीतच हलगी वाजवायचे. त्या कमाईवर मी एम.एस्सी. झालो. त्यामुळे ‘वरातीतलं’ हा शब्द मला झोंबला, चांगलाच झोंबला. हलगी या पोरांसमोर कॉलेजातच वाजवायची, हे मी केबिनमधून बाहेर पडतानाच ठरवलं.

कार्यक्रम लॅबमध्ये होता. मी वडिलांची हलगी पिशवीतून घेऊन गेलो. पडद्यावर एकेक व्हायोलिनवाला शास्त्रज्ञ येत होता आणि पहिल्या रांगेत प्राचार्य डोळे मिटून डुलत होते. नुसते फोटो होते, आवाज कसलाच नव्हता, तरी डुलत होते.

फोटो संपल्यावर मी बर्नर पेटवला आणि हलगी त्यावर धरली. वाजवण्याआधी ती शेकावीच लागते, नाहीतर कातडं सैल राहून आवाज बसका येतो. वडील त्यासाठी रस्त्याकडेला पाचट पेटवायचे. प्राचार्यांना वाटलं प्रयोग चाललाय. त्यांनी कौतुकानं मान हलवली.

कातडं तापलं आणि मी लेझमाचा ताल धरला. पोरं बाकांवर उभी राहिली. प्राचार्यांचा चेहरा उतरला, पण शेजारी संस्थेचे अध्यक्ष टाळ्या वाजवत होते, त्यामुळे ओरडायची सोय नव्हती. माझं वाजवून झाल्यावर प्राचार्यांनी घाईनं माईक घेतला.

“विद्यार्थ्यांनो, उष्णतेचा चामड्यावर काय परिणाम होतो, हे सरांनी आत्ता प्रात्यक्षिकातून दाखवलं.”

मी त्यांच्याकडून माईक मागून घेतला.

“न्हाय पोरांनो,” मी म्हणालो, “मी हलगी वाजवली. माझ्या वडलांची हाय. वरातीतली.”