ह्यांच्या आवाजाचा सिनेमा

आमचे हे दिवसा कचेरीत कारकून, आणि जयंतीच्या दिवसांत गायन पार्टी घेऊन जिल्हाभर फिरायचे. वणीपासून इगतपुरीपर्यंत माणसं ह्यांना आवाजावरून ओळखत. ऐंशी-एक्क्याऐंशीच्या सुमारास त्याच घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं.

नेमका तेव्हाच सिनेमा शिकलेला एक तरुण घरी आला. ह्यांच्यावर प्रायोगिक माहितीपट करायचा म्हणाला. त्याचं निम्मं बोलणं माझ्या डोक्यावरून गेलं, पण हे इतके हरखले की ऑपरेशनच पुढे ढकललं. मी कडाकडा भांडले. हे म्हणाले, "अगं, आवाज जाणारच आहे. निदान कुठंतरी ठेवून तरी जाऊ दे."

रविवारी विहारासमोर मांडव घातला. कोरसमधले दोघे रेल्वेत होते, ते इगतपुरीहून रजा टाकून आले. कार्यक्रम म्हटला की मंडपवाल्याचा माईक आणि कर्णे आमच्याकडे ठरलेलेच, तसे तेही लागले. शेजाऱ्यांनी टेपरेकॉर्डर आणू का विचारलं, तर हे म्हणाले, सिनेमात येतोय की, आणखी कशाला? दुपारपासून दिवेलागणीपर्यंत हे गायले. थुंकीतून रक्त आलं तरी थांबेनात. मी गरम पाणी देत होते आणि मनातल्या मनात त्या सिनेमावाल्याला शिव्या घालत होते.

ऑपरेशन झालं. ह्यांचं बोलणं कायमचं बंद झालं. पुढच्या वर्षी तो प्रोजेक्टर घेऊन आला. विहारात पांढरी चादर बांधली, अख्खी कॉलनी बसली. पडद्यावर हे आले, हात वर केला, तोंड उघडलं. आवाज नाही. मशीन बिघडलं असेल म्हणून कुणीतरी उठलं. तो म्हणाला, बिघडलेलं नाही; आवाजावाचून गायक कसा दिसतो, हाच प्रयोग आहे, आवाज घेतलाच नव्हता. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मांडवातला तो माईक सिनेमाचा नव्हताच, आमच्या मंडपवाल्याचा होता. ह्यांचा आवाज त्यातून कर्ण्यात गेला आणि कर्ण्यातून हवेत.

"आधी सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ताई," तो म्हणाला. सांगितलंही असेल.

पडद्यावर ह्यांची ओळ संपली. ओठांवरून कोरसवाल्यांनी गाणं ओळखलं होतं, सवयीने त्यांनी आपली ओळ उचलली. मग थांबले. पुढची ओळ ह्यांची होती. पडद्यावरचे ओठ हलत राहिले, आणि माझ्या शेजारी बसलेले हे मान खाली घालून मांडीवर ठेका धरत राहिले.

त्या सिनेमावाल्याला मी चहा दिला, पण माफ केलं नाही. आजही करवत नाही.

आता नात विचारते, आजोबांचा आवाज कसा होता? मी तिला कोरसची ओळ म्हणून दाखवते. ती म्हणते, "ही नाही गं आजी, आजोबांची म्हण."