बिलात न लिहिलेला आजार

माणिकप्पा कळंबच्या तहसील कचेरीत कारकून. कचेरीतल्या लोकांची औषधपाण्याची बिलं त्यांच्याच टेबलावर यायची, आणि आजाराचं नाव ते खड्या आवाजात वाचून दाखवायचे. "नाझरसाहेबांना मूळव्याध! खुर्चीवर उशी ठेवा रे!" कचेरीची रोकड सांभाळणारे नाझर सोडून सगळे पोट धरून हसायचे.

मग एका साली माणिकप्पांचीच झोप उडाली. उगाच छातीत धडधडायचं, कचेरीत पाऊल टाकू नये वाटायचं. सोलापूरला मनाचे एक डॉक्टर होते. ते गोळ्या कमी द्यायचे, पण माणिकप्पांच्या घरच्या कानडीतून त्यांना तासभर बोलतं करायचे. माणिकप्पा दर महिन्याला यष्टीनं जायचे आणि फी पदरची भरायचे.

त्यांच्या मंडळी गिरिजाबाई एकदा तडकल्याच. "सरकार पैसे देतंय, मग बिल का टाकत न्हाय?"

"आजाराचं नाव लिहावं लागतंय."

"लिहा की! वाचणार कोण? तुमीच ना?"

"म्हणून तर!" माणिकप्पा बोलून गेले.

दुसऱ्या दिवशी नाझरांचं नवं बिल आलं. माणिकप्पांनी चकार शब्द न काढता शिक्का मारला. नाझर घाबरेच झाले. "माणिकप्पा, तब्येत बरी हाय न्हवं?"

"सुधारायलीय," माणिकप्पा म्हणाले.